वाचनालयाचे दोन जुने एसी आणि त्यांच्या पोटातला गॅस

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे दोन बंद पडलेले एसी मार्च २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात आम्ही रीतसर मोडीत काढले आणि त्यांच्या जागी एक नवा बसवला. ऐकायला काम किरकोळ वाटतं. भंगारवाल्याला हाक मारायची, पैसे मोजून घ्यायचे, झालं. पण एसीतला गॅस हवेत न सोडता तो मोडीत काढायचा म्हटलं, की कोणाकडे जायचं, कागद कोणते लागतात, पैसे किती लागतात, हे सांगणारं माणूस तालुक्यात सापडत नाही. संस्थेची सचिव म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पुढच्याची पायपीट वाचावी म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

विदर्भात कूलर सोडून वाचनालयाला एसी कशाला, हा प्रश्न आमच्याच सभेत अनेकदा निघाला आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, हे खरंच. पण अभ्यासिकेचा मोठा कूलर दिवसाला दोन-तीन ड्रम पाणी ओढायचा, आणि नेमकं त्याच महिन्यात गावात नळ दिवसाआड येतो. दुसरं कारण पुस्तकांचं. कूलरच्या ओलसर हवेने कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरायला लागली, जुन्या ग्रंथांचे पुठ्ठे फुगले. २०१६ मध्ये एका बँकेने शाखा हलवताना दीड टनाचे दोन विंडो एसी आम्हाला देणगी दिले. एक अभ्यासिकेत बसला, एक पुस्तकांच्या खोलीत. पोलीस भरती, तलाठी, बँकेच्या परीक्षा देणारी आमची पोरं भर दुपारी तिथे बसून वाचू शकली ती या एसींमुळे.

मार्च २०२५ मध्ये अभ्यासिकेतल्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला. दुसरा चालू व्हायचा, पण नुसता पंखा फिरायचा. मेकॅनिक आला, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस भरून देतो ना, लगेच थंड करते मशीन. तीन हजार होईन." मागच्या एप्रिलमध्येही त्यानेच गॅस भरला होता. मी विचारलं, "मग तो गॅस गेला कुठे?" तो सहज म्हणाला, "उडून गेला असन जी, हवेत."

त्या संध्याकाळी मी एसीच्या बाजूची पाटी पुसून वाचली: रेफ्रिजरंट आर-२२, ९०० ग्रॅम. हा तो गॅस, ज्याच्या रेणूत क्लोरीन आहे आणि जो वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी असे गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवीन उपकरणं बनवताना आर-२२ च्या कुळातले गॅस वापरणं पूर्ण थांबलं आहे. पण जुनी यंत्रं अजून घराघरांत, दुकानांत, बँकांत भिंतीला लटकलेली आहेत आणि त्यांच्या पोटात गॅस आहेच. ओझोन बाजूला ठेवला तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ हा सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. एका एसीतले ९०० ग्रॅम म्हणजे दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना साधारण ०.७ किलो निघतो. म्हणजे एका एसीतला गॅस सोडून देणं आणि सव्वादोन हजारांहून जास्त युनिट वीज उधळणं, दोन्ही सारखंच. आमच्या अख्ख्या वाचनालयाचं वर्षाचं बिल इतक्या युनिटचं नसतं. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मला गप्प बसवेना.

गळका एसी दुरुस्त करायचा विचारही केला. गळती शोधून, डाग देऊन, मग गॅस भरला तर तो टिकला असता. पण कॉइल इतकी गंजली होती की एका जागी डाग दिला तर दुसरीकडे फुटेल, असं मेकॅनिकच म्हणाला. तेव्हा दोन्ही मोडीत काढायचं ठरलं.

भंगारवाल्याने एकाचे ४,५०० रुपये सांगितले. दर वाजवी होता, माणूस ओळखीचा. गॅसचं काय करता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, नळी छाटली का फुस्सकन निंगून जाते, मंग तांबं मोकयं." त्यात त्याचा दोष धरता येत नाही. गॅस काढून घ्यायचं यंत्र त्याच्याकडे नाही, त्याला कोणी सांगितलं नाही आणि गॅसचे पैसेही कोणी देत नाही. त्याला पैसे मिळतात ते तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंडाचे. वायरचं वरचं प्लास्टिक गावाबाहेर नाल्यात जाळतात, तो काळा धूर उन्हाळ्यात आमच्यापर्यंत येतो. पीव्हीसी असं उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात.

एप्रिलमध्ये शोधाशोध सुरू केली. एसीच्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर बरीच वाट पाहिल्यावर उत्तर मिळालं, की नवा घेतला तरच जुना उचलू. त्या जुन्याचं पुढे काय होतं, हे तिथल्या मुलीला सांगता आलं नाही. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचऱ्याच्या पोर्टलवर गेले. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि एसी त्यांच्या यादीत आहे. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात ठरावीक ई-कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं मिळवायची, आणि ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडून घ्यायची, अशी ती रचना. पोर्टलवर राज्यवार यादी मिळते. नागपूर जिल्ह्यातले क्रमांक काढून फोन लावत गेले.

बहुतेकांना दोन एसीत रस नव्हता. एकाने स्पष्ट सांगितलं, "मॅडम, आमच्यापर्यंत येईस्तोवर गॅस उडालेलाच असतो." एका कारखान्याचा माणूस मात्र नीट बोलला. माल घेऊ, काट्याची पावती देऊ, प्रक्रिया झाल्याचा दाखलाही देऊ, दर एकाला २,८०० रुपये, पण गॅस काढायची सोय आमच्याकडे नाही, तो आधी काढून आणा. नकारात का होईना, खरी माहिती इथे पहिल्यांदा मिळाली. तुम्ही फोन कराल तेव्हा "एसी घेता का" असं विचारू नका. "गॅस कशात काढता आणि किती निघाला ते लिहून देता का" असं विचारा. त्या एका प्रश्नात कोण कसा आहे ते कळतं.

मेच्या अखेरीस, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, कार्यकारी मंडळाची सभा झाली. खिडक्या उघड्या ठेवून, ओले टॉवेल मानेवर घेऊन सगळे बसले होते. इथे कागदाचं सांगते, कारण सार्वजनिक संस्थांना तेच नडतं. देणगीत आलेली वस्तूसुद्धा जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत (डेड स्टॉक रजिस्टर), असते. ती काढायची तर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव लागतो. त्यात नोंदवहीचा पान क्रमांक, वस्तूचा अनुक्रमांक, बंद पडल्याचा मेकॅनिकचा लेखी दाखला आणि विक्रीचे दर जोडायचे. धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल का, अशी एकाने शंका काढली. विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी जमीन-इमारतीसारख्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला असते. एसीला ती लागत नाही.

खरा आक्षेप कोषाध्यक्षांनी घेतला, आणि तो रास्त होता. "भंगारात नऊ हजार येतात. तुम्ही ५,६०० घेऊन वर गाडीभाडं द्यायचं म्हणता. हे पोरांच्या पुस्तकांचे पैसे आहेत." शिवाय जास्त दर सोडून कमी दराला विकलं तर लेखापरीक्षक विचारणारच. नियमाचा धाकही दाखवता येत नव्हता. ई-कचरा नियमांतला 'मोठा वापरकर्ता' म्हणजे वर्षात हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणारी संस्था, आणि ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच देण्याची जबाबदारी नियमाने अशांवर नाव घेऊन टाकली आहे. आमच्यासारख्या छोट्या वाचनालयाच्या मागे कोणी येणार नव्हतं. हे मी सभेत लपवलं नाही. मी वीजबिलाचा तो हिशेब वाचून दाखवला आणि सांगितलं, की फरकाची रक्कम वाचनालयाच्या खात्यातून जाणार नाही, वर्गणी काढू. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरावात कारण स्पष्ट लिहिलं: गॅस सुरक्षित काढून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारासच देणे, म्हणून कमी दर स्वीकारला. वर्गणीच्या यादीत पहिलं नाव कोषाध्यक्षांनी स्वतःचं घातलं. लेखापरीक्षकांनी पुढे या ठरावावर एकही प्रश्न काढला नाही. कारण लिहिलेलं असलं की भागतं.

आता गॅस काढणारा माणूस हवा होता. तो तालुक्याच्या आयटीआयमध्ये मिळाला. तिथे रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण गावात कोणालाच ते सुचलं नव्हतं. तुमच्या जवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड असेल तर पहिला फोन तिथेच करा. निदेशक सर म्हणाले, गॅस ओढून सिलेंडरमध्ये भरायचं यंत्र आहे, पण शिकवायला जुना विंडो एसी मिळत नाही. मुलांचं प्रात्यक्षिकही होईल. प्राचार्यांच्या नावे संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज दिला. परीक्षा, मग नवे प्रवेश, यात जून-जुलै गेले. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ते सात-आठ मुलांना घेऊन वाचनालयात आले.

स्प्लिट एसीचा गॅस काढणं तुलनेने सोपं असतं. कॉम्प्रेसर चालू असेल तर व्हॉल्व्ह बंद करून गॅस बाहेरच्या युनिटमध्येच कोंडता येतो. विंडो एसी मात्र कारखान्यातच सीलबंद होऊन येतो, त्याला व्हॉल्व्हच नसतो. त्यासाठी नळीला बाहेरून चावा घेणारा एक छोटा व्हॉल्व्ह लागतो, पिअर्सिंग व्हॉल्व्ह. तो आयटीआयकडे नव्हता, आम्ही नागपूरहून मागवला. साडेचारशे रुपये लागले.

सरांनी वजनकाट्यावर रिकामी सिलेंडर ठेवली आणि आधी तिच्यातली हवा ओढून काढली. मुलांना कारण सांगितलं: हवा किंवा दुसरा गॅस मिसळला तर हा गॅस परत वापरायच्या कामाचा राहत नाही. सिलेंडर ऐंशी टक्क्यांवर भरायची नाही, कारण उन्हाने आतला द्रव फुगतो. मग तांब्याच्या नळीला सँडपेपर मारून व्हॉल्व्ह बसवला, स्क्रू हळूहळू आवळला. मी फुस्स आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. फक्त दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलला आणि वजनकाट्यावरचे आकडे वीस-वीस ग्रॅमने चढू लागले. आकडा थांबला तेव्हा मला वाटलं झालं. सरांनी यंत्र बंद करून सगळ्यांना थांबायला लावलं. दहा मिनिटांत गेजचा काटा आपोआप पुन्हा वर आला. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस सावकाश बाहेर पडत असतो. घाई करणारा तिथेच फसतो आणि शंभरेक ग्रॅम आत राहतात. एका मुलीने केस वाळवायच्या ड्रायरने कॉम्प्रेसर शेकला, यंत्र परत लावलं, आणि गेजचा काटा खाली गेला तो खालीच राहिला.

जाम झालेल्या एसीतून ८४० ग्रॅम निघाला. गळक्यातून फक्त २१०. त्याच्या मागच्या कॉइलच्या एका वळणावर धूळ तेलकट होऊन चिकटली होती. मुलांनी बोट लावून पाहिलं. गळतीची जागा अशीच ओळखायची. सरांनी तारीख, एसीचा अनुक्रमांक आणि वजन लिहून सहीशिक्क्याचा कागद दिला. गाळून, ओलावा काढून हा गॅस आयटीआयच्या जुन्या शिकवण्याच्या यंत्रात वापरणार, असंही त्यात लिहिलं. फी त्यांनी घेतली नाही. आम्ही सगळ्यांना चिवडा-चहा दिला.

सप्टेंबरमध्ये छोटा हत्ती करून दोन्ही एसी कारखान्यात नेले. भाडं २,२०० रुपये. नागपूरला माल घेऊन जाणारी आणि रिकामी परतणारी गाडी गाठली तर हे निम्म्यावर येतं. सोबत चलन न्या: दोन प्रतींत, प्रत्येक एसीची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, गॅस काढल्याच्या दाखल्याची प्रत. परतताना एका प्रतीवर पोच घ्या.

मी विनंती केली म्हणून त्यांनी एक एसी माझ्यासमोर उघडला. कॉम्प्रेसरला खालून भोक पाडून तेल निथळत ठेवलं, ते वेगळ्या पिंपात, घातक कचऱ्याच्या नोंदीत जातं. मग कवच कापून आतली तांब्याची गुंडाळी काढली. कपॅसिटर वेगळे, सर्किट वेगळं. तांब्याच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून ओवलेल्या असतात, त्यासाठी यंत्र आहे. सगळ्यात जास्त वेळ गेला तो चिकटवलेल्या फोमवर. पत्र्याला गोंदाने घट्ट बसवलेला तो करडा फोम खरवडताना कामगार म्हणाला, "स्क्रू असला का दोन मिनिटं, गोंद असला का अर्धा तास." पुढच्या प्लास्टिकच्या जाळीवर आतून कोणतं प्लास्टिक ते कोरलेलं होतं, म्हणून ती थेट त्या ढिगात गेली. शेजारचा बिननावाचा तुकडा मात्र मिश्र कचऱ्यात गेला. एसी मोडायला सोपा की अवघड हे तो बनवणाऱ्याच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं, हे मला त्या अर्ध्या तासात दिसलं. दिवाळी मध्ये आल्याने प्रक्रियेचा दाखला नोव्हेंबरमध्ये हातात पडला. दर आठवड्याला एक फोन करत राहावं लागलं.

नवा एसी घेताना हे सगळं डोक्यात होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे थांबल्याचा फायदाच झाला. त्याआधी गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, साहित्य आणि मजुरी मिळून नऊ हजार. पुस्तकांच्या खोलीला सध्या एवढ्यावरच भागवायचं आहे. दुसरा एसी घ्यायचा की नाही ते येता उन्हाळा पाहून ठरवू.

गॅसबद्दल मला आर-२९० हवा होता. हा प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधलाच एक घटक. हवामानावरचा त्याचा परिणाम नगण्य, ओझोनला धक्का नाही. भारतात गोदरेजने असे एसी बनवले आहेत. ज्वलनशील आहे, पण घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि अशा एसीत काही शे ग्रॅम. अडचण वेगळीच निघाली. आमच्या भागातल्या एकाही दुकानात तो एसी मिळेना आणि त्यावर काम करायला शिकलेला माणूस तालुक्यात नव्हता. इतक्या ज्वलनशील गॅसचं यंत्र अशिक्षित हातात देणं मला पटलं नाही. म्हणून आर-३२ चा दीड टनाचा पाच स्टार इन्व्हर्टर घेतला, ४३,५०० रुपये. आर-३२ ओझोनला त्रास देत नाही आणि त्याचा तापमानवाढीचा आकडा ६७५ आहे, आर-२२ च्या निम्म्याहूनही कमी. तरी तो शून्य नाही. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारताने अशा गॅसचा वापर २०२८ ला गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचं मान्य केलं आहे. म्हणजे हाही गॅस आज ना उद्या जाणार. मी तडजोड केली आहे आणि ती तडजोडच आहे असं म्हणते.

दुकानात आम्ही स्टारसोबत आयसीर हा आकडाही विचारला, म्हणजे खर्च केलेल्या विजेच्या मानाने मोसमभरात किती थंडावा मिळतो ते. सारखेच स्टार असलेल्या एसींतही तो कमी-जास्त असतो. मात्र तो २४ ते ४३ अंश बाहेरच्या तापमानाच्या आणि वर्षाला १,६०० तासांच्या हिशेबाने काढतात. आपलं ४६ अंश त्यात बसत नाही, तेव्हा पाटीवरच्या युनिटपेक्षा जास्त बिल धरून चला. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, मागे हवा खेळेल इतकी जागा सोडून लावा.

महावितरणला भार वाढवायचा ए-१ अर्ज नोव्हेंबरमध्ये दिला. कोटेशन भरल्यावर डिसेंबरच्या शेवटी मंजुरी आली. हे काम एसी घेण्याआधी सुरू करा.

बसवणारे जानेवारीत आले. नळ्या जोडल्यावर त्यांनी आतली हवा बाहेर ढकलायला एसीतलाच थोडा गॅस सोडायची तयारी केली. तसं करू दिलं नाही. व्हॅक्यूम पंप लावा, अर्धा तास चालवा, मग गेजचा काटा स्थिर राहतो का ते दाखवा, असं सांगितलं. पंप गाडीत होता, ६०० रुपये जास्त घेतले. हे पैसे द्याच. गळती बहुतेक वेळा जोडाशी होते, आणि बसवताना जोड नीट झाला तर दर उन्हाळ्यात गॅस भरायची वेळ येत नाही. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अभ्यासिकेत तापमान २६ वर आणि सोबत पंखा, हा नियम मुलांनीच लिहून भिंतीवर लावला.

नव्या एसीचं बिल, अनुक्रमांक, गॅसचं नाव आणि वजन जडसंग्रह नोंदवहीत त्याच दिवशी चढवलं. गॅसचा रकाना आमच्या नोंदवहीत नव्हता, तो पेनाने आखून घेतला. भंगारवाला भाऊ मध्ये येऊन गेला. त्याच्याकडे गावातल्या एका डॉक्टरांचा स्प्लिट एसी आला आहे, नळी अजून छाटलेली नाही. आयटीआयच्या सरांशी त्याचं बोलणं करून दिलं आहे. परीक्षा संपल्या की मुलं यंत्र घेऊन त्याच्या दुकानात जाणार आहेत.